उशीचं ओलं टोक

मंगळवार, ऑगस्ट १९८४. मुलुंड.

सुमीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन काल झालं. सिस्टरनी आज दोनतीनदा विचारलं, "दुखतंय का गं?" दर वेळी "नाही." मालाडहून वन्सं आल्या होत्या, त्यांनी तर सगळ्या वॉर्डला ऐकवलं, "आमची सुमी गुणाची हो!" मलाही बरं वाटलं. मग तिची उशी सारखी करताना टोक ओलं लागलं. चावून चावून पार चोथा केलेला.

"हो म्हटलं की सुई टोचतात. आई, सांगू नको ना."

मी सांगितलं. तिला कळवळताना नुसती बघत बसू? इंजेक्शन देताना धरलंही मीच.

घटकाभर झोपली. उठल्यावर विचारलं, तर आता मलाही "नाही."

उशीचं टोक चाचपलं. ओलंच होतं.