घरून आलेला फोन

१७ जानेवारी २००६, मंगळवार

कंपनीचा टेम्पो शिवमंदिराच्या वळणावर भिंतीला धडकला. गायकवाडकाकांचा हात मोडलाय. गाडी चालवताना ते मोबाईलवर बोलत होते. माझ्याशी!

‘गाडी चालवताना फोन घेऊ नये’ ही नोटीस मीच टाईप केली, सगळ्या ड्रायव्हरांच्या सह्याही मीच घेतल्या. आणि दर अर्ध्या तासाला "कुठे पोचलात?" म्हणून फोन करते तीही मीच. गेल्या आठवड्यात काकांनी फोन उचलला नाही. गाडी बाजूला लावून मग त्यांनी केला, तर मी त्यांच्यावरच ओरडले. माल कुठे अडकला म्हणून उल्हासनगरचा शेठ माझं डोकं खात होता ना. आज त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

साहेबांबरोबर हॉस्पिटलात गेले. साहेब वाटेतच म्हणाले, "नोटिशीवर सही आहे ना त्याची? मग विषय संपला. कामावरून कमी करायचं." तिथे काकांच्या खाटेशीच रिपोर्ट लिहायला मला बसवलं. फोन कोणाचा होता, हेही त्यात लिहायचं होतं. मी पेनाचं टोपण काढलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरून होता, साहेब."

मी तसंच लिहिलं. अक्षरसुद्धा हललं नाही माझं. का नाही हललं?

काका कामाला लागले तेव्हा त्यांचा फॉर्म मीच भरला होता. पत्ता, बायकोचं नाव, दोन मुली. घरचा फोन नंबर विचारला तर हसले होते. तिथे मी ‘नाही’ लिहिलं होतं.

रिपोर्ट अजून माझ्या पर्समध्येच आहे.