कळीवरून ठेवलेलं नाव

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इतके महिने पत्र नाही, याबद्दल रागावू नकोस. फोनवर आपण दोघंही "ठीक आहे" म्हणतो आणि ठेवून देतो, ते काही बोलणं नव्हे. म्हणून आज बसलेच.

आम्ही बऱ्या आहोत. म्हणजे, आईचं खुब्याचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात, पण पायावर भार घेता येत नाही. जिभेला मात्र काही झालेलं नाही. दिवसा तिला सांभाळायला येणाऱ्या बाईंना ती "मंद आचेवरची" म्हणते. त्या हसतात, म्हणून टिकल्या आहेत. माझं कॉलेजात शिकवणं चालू आहे. परवा प्रयोगशाळेत उभ्या उभ्या डुलकी लागली. मुलींनी पाहिलं, पण बिचाऱ्या गप्प राहिल्या.

मधे एकदा डोंगरावर जाऊन आले. खिंडीपलीकडच्या उतारावरून जीपचा रस्ता न्यायचा आहे. तिथे जपण्यासारखं काही उगवतं का, ते आमच्या विभागाने पाहून कळवायचं. ऑर्किडं माझ्या वाट्याला आली. "तुमच्याकडे आईंचा वारसा आहे," असं आमचे विभागप्रमुख सर म्हणाले. आईला सांगितलं तर म्हणते, "वारसा? म्हणजे मी गेले की काय?"

सगळं ओलं होतं. झाडांवरच्या ऑर्किडांची राखाडी मुळं पाण्याने हिरवी पडून लोंबत होती. तू त्यांना सुतळ्या म्हणायचास. शेवटी गवताच्या उभ्या पट्ट्यात एक जमिनीवरचं रोप दिसलं. एकच. वर तुऱ्यात कळ्या. पानांवरून दोनच शक्यता निघत होत्या. एक आपली झालरवाली, जिच्या ओठाची, म्हणजे त्या मोठ्या पाकळीची, कड चिरलेली असते. ती सगळीकडे उगवते. दुसरी आईची, साध्या सरळ ओठाची आणि मागे लांब बारीक नळी असलेली. ती आईने लग्नाआधी एकदा पाहिली. त्यानंतर या डोंगरात कुणी पाहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

कळ्या पुरत्या मिटलेल्या होत्या. उमलण्याआधी ही कळी देठावर अर्धी गिरकी घेते, तेव्हा ओठ खाली येतो. यांनी अजून मान फिरवली नव्हती. आणखी पाच-सात रोपं असती तर एखादी कळी चिरून पाहिली असती. एकुलत्या एका रोपाची कशी चिरणार?

मी खाली उतरले आणि सरांना फोन करून सांगितलं, झालरवालीच आहे.

"मग त्या उताराचं काम संपलं म्हणायचं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं होतं. मलाही सुटल्यासारखंच वाटलं.

घरी येऊन आईला चित्र काढून दाखवलं. तिने चष्मा लावला.

"फूल पाहिलंस की कळी?"

"कळी. पण पानं..."

"पानांचं सांगू नकोस मला. नळी केवढी?"

"बोटाच्या पेराएवढी."

"ती उमलेपर्यंत वाढते. तुला ठाऊक आहे. पोटातल्या बाळाचं नाक कुणावर गेलंय, ते सांगत सुटलीस."

"आई, मी दमले होते."

"दमली होतीस तर 'माहीत नाही' म्हणायचं. त्याला काही चढाव लागत नाही."

ती झोपली, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी घाईत चुकले असं आधी वाटलं. तसं नव्हतं. मला ती झालरवालीच हवी होती. दुसरी असण्याची शक्यता ठेवली, तर फुलायच्या वेळी पुन्हा चढावं लागणार. पुन्हा जायचं, तर आईजवळ दोन रात्री कुणीतरी हवं. गेल्या खेपेला मावशी राहिली आणि आईला उचलताना तिचीच कंबर धरली. मग उरतोस तू. तुला विचारावं लागू नये, म्हणून मी एका रोपाचं नाव ठरवून मोकळी झाले.

आज सकाळी सरांना फोन करून माझा शब्द मागे घेतला. "मॅडम, पंचवीस तारखेला अहवाल जातो. त्याआधी फूल दाखवा, नाहीतर मी काय लिहू?" एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. तेही दमलेच असतील.

तर विचारते. येत्या शनिवारी येशील? दोन रात्री राहशील? कठीण काही नाही. आईला कुशीवर वळवताना एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ती ओरडेल. थांबू नकोस, अर्ध्यात थांबलं की जास्त दुखतं.

बाबा गेल्यावर तू दारात पोचलास आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "आता कशाला आलास?" ते तुला लागलं. लागण्यासारखंच होतं. तिने त्यावर कधी काही म्हटलेलं नाही आणि म्हणेल असं वाटत नाही. तशी काही आशा मनात धरून येऊ नकोस.

तुला लिहिते आहे, हे तिला सांगितलं. तिचं तोंड भिंतीकडे होतं. "मला वळवायला दोन हात लागतात," म्हणाली, "कुणाचे का असेनात." मी लिहीत राहिले. बऱ्याच वेळाने भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "त्याचे हात थंडीतही गरम असायचे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं असं दाखवलं असतं, तर तिने ते मागे घेतलं असतं.

आणि आणखी एक, नाहीतर हे पत्र अर्धं खोटं राहील. मी हे फुलासाठी मागते आहे असं सकाळपासून स्वतःला सांगते आहे. वर गेल्यावर कदाचित झालरवालीच निघेल. तरी ये. मला दोन दिवस कुणी हाक मारू नये असं वाटतं. आईबद्दल हे लिहिताना लाज वाटते, पण खोडत नाही.

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. फक्त "बघतो" म्हणू नकोस.

तुझी,
तुझ्याकडे कधी काही न मागणारी
धाकटी

ता. क. उद्याचं माझं काम : तुझ्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवणे.