पाचटाचा कोळसा आणि आईची चूल

कळस, १० फेब्रुवारी १९९७

उसाचं पाचट आहे तसं जळतं, मग आधी त्याचा कोळसा करायचा आणि तो परत जाळायचा – कशाला? आईने विचारलं. बारामतीला कॉलेजच्या शिबिरात ऐकलेलं सगळं आठवत होतं – धूर नाही, आच टिकते. तोंडातून निघालं एवढंच, "बघ तू."

आबा म्हणाले, "घरातली पहिली बी.एस्सी. हाय. बघावं लागंल."

आई रोज सकाळी बाबासाहेबांच्या फोटोची काच पदराने पुसते. पदर काळा होतो. मग चुलीच्या धुरात खोकत बसते. मला एवढंच थांबवायचं आहे.

१२ फेब्रुवारी

शेजारच्या रानातल्या मानसिंगरावांची ऊसतोड झाली. पाचट पेटवणारच होते. मागितलं तर म्हणाले, "ने की पोरी. माजी काडी वाचली."

जुन्या पिंपात पाचट पेटवलं, झाकण मातीने लिंपलं. कोळसा झाला! नाक, हात, ओढणी – सगळं काळं. मजेत आहे.

१५ फेब्रुवारी

भुकटीत गुऱ्हाळातली चिकट मळी कालवली. छान गोळे वळले. अंगणात वाळत घातले.

१६ फेब्रुवारी

मुंगळे. एकूणएक गोळ्यावर. जन्म उसात गेला आणि हे सुचलं नाही!

आई – "मुंगळ्यांचा सैपाक झाला. आमचा कवा?"

२२ फेब्रुवारी

या वेळी भुकटी शेणात कालवून गोळे केले. टणक वाळले. चुलीत घातले, वरून लाल झाले, मग राख धरून विझले. आईने गुपचूप लाकडं सारली.

विझलेला गोळा टाकायला दारात नेला. वारा लागला नि तो फुलला! म्हणजे कोळसा बरा आहे. चूलच खालून बंद – हवा नाही. खाली जाळी पाहिजे.

आईला सांगितलं. "सासूनं घातलेली चूल हाय. तिला हात लावायचा न्हाय." विषय संपला.

२६ फेब्रुवारी

आई सुप्याला मावशीकडे गेली. एसटीत चढताना म्हणाली, "चार दिस चूल तुजी. आबाला उपाशी ठेवू नगं."

चूल तुजी. दिवसभर तेच डोक्यात.

२ मार्च

आई गेली त्याच दिवशी चूल मोडली. आजीचीच माती भिजवून नवी घातली. खाली हवेला तोंड, वर आबांच्या मोडक्या सायकलच्या तारांची जाळी. दोन दिवस अंगणात तीन दगडांवर रांधलं. काल कोळशाचे गोळे घालून पेटवली. भाकरी टम्म.

आबांनी तीन खाल्ल्या. हात धुताना म्हणाले, "आता तुज्या आईला तूच सांग. मी गोठ्यात निजतो."

आई संध्याकाळच्या गाडीने येईल. नवी चूल पेटवण्याआधी फोटोची काच पुसली होती. त्यानंतर हात लावलेला नाही. पदर तिनेच फिरवून बघावा.