आजारी म्हणायचं

बाबा,

आमच्या कारखान्यात एक माणूस आहे, त्याचे वडील दोन वर्षं आजारी होते. ऑकलंडच्या ईस्ट टामाकीत आम्ही दह्याचे प्लास्टिकचे डबे बनवतो. मी डबे तपासते, तो साच्याचं मशीन चालवतो. इंडोनेशियातल्या तोराजा नावाच्या डोंगराळ मुलखातला आहे. सकाळच्या चहाच्या सुट्टीला इथे स्मोको म्हणतात. त्या दहा मिनिटांत मी त्याला विचारायचे, वडील कसे आहेत? "तसेच." जेवतात का? "वहिनी ताट ठेवते." बोलतात? "पहिल्यापासून कमीच बोलतात." मी त्याला पाय चेपायला सांगितलं, गरम पाणी द्यायला सांगितलं. पुण्याहून आणलेली सुंठेची पूड बरणीत भरून दिली. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि बरणी खरोखर गावी पाठवली. मग एक दिवस म्हणाला, पुढच्या महिन्यात रजा घेतोय, वडिलांचा अंत्यविधी आहे. मी विचारलं, कधी गेले? तो म्हणाला, दोन वर्षं झाली.

मी कप टेबलावर आपटला. म्हटलं, माणसाला असं फसवतात का? तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश समजावून सांगायला लागला. त्यांच्यात विधी होईपर्यंत माणूस मेला म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. शरीर टिकवायचं औषध टोचून घरातच ठेवतात. लांब गेलेली मुलं येईपर्यंत, सगळ्यांची जमवाजमव होईपर्यंत थांबतात. "तू एवढी का चिडलीस?" त्यानं विचारलं. मी टेबलावर सांडलेला चहा पुसायला लागले. तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर. औषध पाठवलंयस त्यांना. एकदा भेटून तरी घे."

मी गेले. होडीसारखं छप्पर असलेलं लाकडी घर, समोर भाताची खाचरं, अंगणात मांडव घालायची गडबड. चपला काढून आत गेलो. मागच्या खोलीत त्याचे वडील निजलेले. अंगावर कोट, डोक्याला टोपी, चेहरा सुकून काळपट झालेला, शिसवी लाकडासारखा. उशाशी कॉफीचा कप, त्यावर बशी झाकलेली. शेजारी माझी बरणी, अर्धी संपलेली. वहिनी हसून काहीतरी म्हणाली, त्यानं मला सांगितलं, "रोज कॉफीत घालते म्हणते. खोकला बिलकूल गेला." ती दोघंही हसली. मग तो वाकला आणि वडिलांशी त्यांच्या भाषेत बोलला. मला म्हणाला, "सांगितलं, ही माझ्याबरोबर काम करते, न्यूझीलंडहून आलीय. बोल ना काहीतरी. इथे कुणी तसंच निघून जात नाही."

मी उभीच राहिले. बाबा, मी अशी एकदा बोललेली आहे.

त्या दिवशी आईनं फोनवर सांगितलं, यांना बरं नाही, तू तिकीट काढ. काय होतंय विचारलं तर म्हणाली, अशक्तपणा आलाय, गोळ्या घेत नाहीयेत. मी म्हटलं, मला त्यांच्याशी बोलायचंय. मी पुन्हा म्हटलं. मग ती म्हणाली, "थांब, कानाला लावते." आणि मी तुम्हाला रागावले. गोळ्या थुंकता म्हणे? लहान आहात का? मी सगळं टाकून येतेय ते तुम्हाला अंथरुणात बघायला नाही. मी आले की उठून बसलेले दिसायला हवात, कळलं ना? नाटकं बंद. असं सगळं, नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांजवळ तीस वर्षं काढून तुमचे कान गेलेले, तुमच्याशी दुसऱ्या आवाजात बोलताच यायचं नाही. पहिल्यांदा इथून येताना मी तुमच्यासाठी कानाचं मशीन आणलं होतं. तुम्ही ते डबीत ठेवून दिलंत. म्हणालात, यातून भांडीच जास्त ऐकू येतात, माणसं नाही.

पुण्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. तुम्ही बाहेरच्या खोलीत बर्फावर. मी फोनवर बोलले तेव्हा तुम्हाला जाऊन सहा तास झाले होते, हे कुणीतरी सांगितलं. मी रडले नाही. सगळ्यांसमोर आईवर ओरडले: "मला फसवलंस तू. मेलेल्या माणसाला मला शिव्या घालायला लावल्यास." आई माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती. ती तशीच तांब्या घेऊन उभी राहिली. तुमच्या कानात ते मशीन होतं. मला वाटलं, काढायचं राहून गेलं असेल.

आठ वर्षं झाली. आई आणि मी दर रविवारी बोलतो. हवा, गुडघे, दूधवाला. माझा मुलगा तिचं मराठी समजून घेतो आणि तिला इंग्रजीत उत्तरं देतो, ती त्यावरही खूश असते. त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

तोराजातल्या त्या खोलीत मी शेवटी नमस्कार केला आणि मराठीत म्हटलं, येते. दुसऱ्या दिवशी मांडवात गावोगावची माणसं काळ्या कपड्यांत रांगेनं येत होती. अंगणात पहिला रेडा आणला; तो कापला की मगच त्यांच्यात माणूस गेला म्हणतात. मी पाठ फिरवून उभी राहिले, फक्त आवाज ऐकला. वळले तर तो, दोन वर्षं स्मोकोत हसतखेळत बसणारा माणूस, चिखलात बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. "आत्ता," तो म्हणत होता, "आत्ता गेले माझे वडील." वहिनी त्याच्या शेजारी बसली. कुणी त्याला उठ म्हटलं नाही.

ऑकलंडला परत आल्यावर मी आईला फोन केला. रविवार नव्हता.

"काय गं, आज मध्येच? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, तेव्हा तू फोन खरंच बाबांच्या कानाला लावला होतास?"

ती म्हणाली, "लावला म्हणजे काय? तू बोलणार होतीस ना. मशीन काढून ठेवलं होतं, ते परत घातलं. सेल संपलेला, तो बदलला. फोन अगदी जवळ नेला की ते शिट्टी मारायचं, म्हणून जरा लांब धरला." थांबली. "सगळी म्हणत होती, काय करतेस हे. म्हटलं, तिला बोलू दे."

"तू ऐकलंस मी काय बोलले ते?"

"अख्ख्या खोलीनं ऐकलं. तुझा आवाज काय लहान आहे?" हसली बहुतेक. मग म्हणाली, "चांगली रागावलीस. मला ते बरंच वाटलं." आणि थोड्या वेळानं, "एक विचारू? तुला खरंच कळलं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही गं."

"बरं," आई म्हणाली.

हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही विचारणार नाही. आपल्या घरी फोन केला की आधी टीव्ही ऐकू यायचा, बातम्या, सगळ्या सोसायटीला पुरतील एवढ्या; मग त्यावरून आईचं हॅलो. त्या दिवशी फोन शेजारच्या काकूंनी घेतला. त्या मला कधी बाळा म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "देते हं आईला, बाळा." त्यांच्या मागे आपलं घर अगदी शांत होतं. मी ते ऐकलं. मग आईनं आजारी म्हटलं आणि मीही आजारी म्हटलं. विमानात शेजारच्या बाईला तेच सांगितलं, मुंबईहून निघालेल्या टॅक्सीवाल्यालाही. आजारी माणसावर रागावता येतं.

मला माहीत होतं, बाबा. म्हणून तर म्हटलं, मला त्यांच्याशी बोलायचंय.