पुसलेली लेबलं

नाशिक, ७ जुलै २०२५

चि. चंदर यास रंगनाथदाजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या बायकोचे, चांगुणाचे गुडघे काय म्हणतात? तुझा खोकला? तुझ्या लेकीचे, सायलीचे डोळे थांबले का दुखायचे? तुझ्या ताईची शुगर ठीक आहे, चोरून जिलबी खाते एवढंच.

सायलीला कॉम्प्युटरला जायचंय आणि तू अडवलंस. आपल्या घरात ते जमायचं नाही, मीच त्यात तोंडघशी पडलो, असं ताईला म्हणालास. बाबा, तू पडला नाहीस. मी पाडलं.

लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याकडे आपण दोघांनी पुस्तकं चाळत ट्रकच्या गेटपासचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर लेबल, म्हणजे नाव आणि पुढे दोन टिंबं. ज्यानं तुकडा लिहिला त्याचंच नाव, ही आपली पद्धत. दुसरीकडे ‘गोटू चंदर-तीन’ लिहिलं की मशीन तुझ्या तुकड्यावर उडी मारायचं. मालक तुझं कौतुक करायला लागले, ते मला सोसलं नाही. ते प्रोग्रॅम पाहायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी तुझी लेबलं पुसून माझं नाव घातलं, त्यांच्याकडे जाणाऱ्या गोटूंतही. ओला कांदा आला तरच चालणाऱ्या वाक्यातला एक ‘गोटू चंदर-तीन’ बदलायचा राहिला. पुढे ओला माल आला, मशीनला ते लेबल सापडेना, बंदच पडलं. गेटवर चाळीस ट्रक अडले. अडलेल्या ओळीत नाव तुझं, म्हणून तुला ती बघूही न देता काढलं. मी दुसऱ्या दिवशी तेवढं नाव बदललं आणि गप्प बसलो.

काल ताईला सांगितलं. तू हवं ते बोल, पण पोरीला जाऊ दे.

तुझा अपराधी,
रंगनाथदाजी

सटाणा, १६ जुलै २०२५

ती. दाजींना चंदरचा नमस्कार, वि. वि.

पत्र काल, मंगळवारी आलं. चष्मा सापडेना म्हणून सायलीनंच मोठ्यानं वाचलं. मध्येच थांबली, मी म्हटलं वाच.

सत्तावीस वर्षं तो तुकडा मनात ओळीनं लिहून चूक शोधत होतो. सापडायची नाही, तरी माझीच म्हणायचो.

कॉलेजच्या अर्जाची मुदत शनिवारी संपली. तोंडानं सांगवलं नसेल, कळतं मला. पण दाजी, एक फोन करायचा होता. आता पोरीचं वर्ष गेलं, आणि त्यात अडवणारा मीही आहेच.

ती रडली नाही. विचारते, दुसऱ्याचं लेबल बदलायच्या आधी त्याच्याकडे येणारे सगळे गोटू कसे शोधायचे? ते तुम्हालाच विचार, म्हटलं.

लोभ असू द्या, असं आज लिहवत नाही. माझ्यासाठी थांबा थोडं. सायलीला मात्र लगेच उत्तर टाका.

चंदर