बासष्ट लिटर

४ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. खोलीत भरपूर उजेड, खुर्ची न करकरणारी, आणि समोर काचेची लांबलचक टाकी. यंत्र टाकीत लाटा उठवतं. मी तेच पाणी संगणकावर लाखो कणांचं बनवायचं आणि माझ्या लाटा खऱ्या लाटांशी ताडून पाहायच्या. कण जितके बारीक, तितका फरक कमी व्हायला हवा. टाकी सांभाळतात त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी आल्याआल्या चहा पाजला, आणि काही बिघडलं तर पाण्याला दोष देऊ नको, म्हणून बजावलं.

८ मार्च
कणांचा आकार निम्मा केला, फरक पावपट झाला. पुन्हा निम्मा केला, तर फरक जागचा हलेना. साहेब म्हणाले, तुझ्याच प्रोग्राममध्ये घोळ असेल. दोन दिवस ओळ न् ओळ तपासली. घोळ नाही. पाणी दाबलं जात नाही. खऱ्या टाकीतली पातळी माझ्या हिशेबापेक्षा वर होती, म्हणजे आत कशानं तरी जागा अडवलेली. किती, ते काढलं. बासष्ट लिटर. मामांनी हसत हसत टाकीभर टॉर्च फिरवला. तळ लख्ख दिसत होता.

१२ मार्च
गंमत म्हणून संगणकातल्या टाकीत बासष्ट लिटरची एक वस्तू ठेवून पाहिली. गोल ठेवली, चौकोनी ठेवली, जुळेना. माणसाएवढी लांब करून उजव्या कोपऱ्यात आडवी ठेवली, तेव्हा जुळली. कण बारीक करत गेले तसा फरक शून्याकडे निघाला. इतकं सुंदर उत्तर मला कधी आलं नव्हतं. उठून काचेतून पाहिलं. तो कोपरा रिकामा आहे.

१४ मार्च
परवा जुळलेलं आज जुळेना. वस्तू सरकवत नेली. शिडीपाशी जुळली.
मामांना विनवलं, आत उतरू नका. ते म्हणाले, "अगं पोरी, तीस वर्षं मी हे पाणी राखतोय. ते मला काय करणार?"

१५ मार्च
दुपारी मामा मोजपट्टी पुसायला उतरले. छातीभर पाण्यात होते. मी मान खाली घालून एक आकडा लिहिला, वर पाहिलं, तर मामा नाहीत. पाणी नितळ. चपला शिडीखाली. साहेब म्हणतात, मागच्या दारानं गेले असतील. बाहेर ओल्या पावलाचा एक ठसा नाही.
फरक एकशे एकतीस लिटर.

१७ मार्च
पोलीस आले, काचेतून डोकावले, गेले. टाकी उपसा म्हणून साहेबांपुढे रडले. उद्या बघू म्हणाले. संगणकात आता दोन वस्तू ठेवाव्या लागतात. एकमेकींना चिकटून.

१८ मार्च
साहेब आलेच नाहीत. मी आकडे लिहीत बसलेय. मामी आल्यात. बाहेर बसवलं होतं, तरी आत आल्या. काचेवर तळवा टेकून त्यांनी हळूच हाक मारली. यंत्र बंद आहे. तरी पाणी त्यांच्या बाजूला फुगून —

शिडी चढतायत. मी ओरडले. वळून बघत नाहीत —

त्यांचे पाय अजून कोरडे, आणि पातळी वाढतेय. एकशे साठ. एकशे ऐंशी —

हात धरून शिडीवरून खाली ओढते त्यांना, एवढा आकडा लिहून