काकांच्या वतीने

४ ऑगस्ट

केरीला शूटिंग, काका-काकींच्या खाणावळीच्या पेजसाठी; नात्यातले नव्हेत, सगळ्यांचेच काका. महिन्याचे सगळे रील एकाच दिवसात उरकायचे, म्हणून काकांना सारखे शर्ट बदलायला लावते. चौथ्या शर्टाला म्हणाले, "लग्नात सुदिक इतके कपडे बदलूक नाय, मॅनेजरीण बाय."

श्रावण, त्यामुळे मासळी बंद. खतखतं, पातोळ्या, अळू. काकांची कुरकूर, "मासळी नाय तर माझ्या पेजाक कोण बघतलो?" काकी चुलीकडूनच, "तुमका कोण बघता? रांधप माझा."

प्रत्येक रीलचं शेवटचं वाक्य नेहमीचंच. येवा, वाट बघतंव. जन्म फेरीबोटीवर नोकरीत काढला, तिथंही पलीकडच्या तेरेखोलच्या लोकांना असंच बोलवत असणार.

चवथीचा रील पण घेतला. गणपतीवर टांगायची माटोळी अजून रिकामी, नुसती लाकडी चौकट. ती पुसता पुसता आमंत्रण दिलं. "फळां बांधून झाली काय बघूक येवा. चवथीक बोलावणा लागणा नाय." एका टेकमध्ये ओके.

७ ऑगस्ट

पाववाल्या पोदेराचा हॉर्न, चहा-उंडे, मग इनबॉक्स. आधी मेसेज, मग कॉमेंट, मग कालचे आकडे, मग आजच्या पोस्टच्या ओळी. काकांशिवाय दोन गिऱ्हाइकं: काजूवाल्यांना प्रत्येक ओळीत 'अस्सल' हवं. मांद्र्याच्या गेस्ट हाऊसला समुद्र निळा हवा. ऑगस्टात! कुठून आणू.

आई: "दीसभर मोबायलार. हेका काम म्हणतत?"

काकांच्या पेजवर उत्तरं मी देते, पण काका होऊन. एका बाईनं विचारलं, खतखत्यात कांदा का नाही. लिहिलं, "कांदो घातलंय तर काकी घरात घेवची नाय." फोनवर वाचून दाखवलं. काका हसून हसून बेजार. "माझ्यापरास बरो काका तूच आसस गो."

दिवसभर मजेत गेला.

१२ ऑगस्ट

चवथीच्या शुभेच्छा तिन्ही पेजच्या एकत्रच लावून टाकल्या. काकांचा रील पण. चवथीला सकाळी आपोआप पडतील. सणाला मोबाईल हातात नको. आईला दाखवते, माझी पण सुट्टी असते म्हणावं.

२० ऑगस्ट

काका गेले. सकाळी जेटीवर गेले होते, गप्पा मारायला. तिथंच बसले आणि

२१ ऑगस्ट

काल केरीहून आले ती तशीच झोपले. आज लिहिते.

काका-काकींना मूलबाळ नाही. अग्नी काकांच्या थोरल्या भावानं, आबांनी दिला. माणसं लाकडं आणत होती, बायका काकीला धरून बसल्या होत्या. मला काही काम नव्हतं. मी मागच्या पडवीत उभी राहून पेजवरचे रोजचे रील थांबवले. तेवढंच मला येतं.

आबा म्हणाले, "त्या मोबायलाचा काय ता बंद कर. सुतक आसा." म्हटलं, केलंय.

आज कॉमेंट: "काकांचा व्हिडिओ नाही आला?" खाली आणखी एक: "काका सुट्टीवर वाटतं!" उत्तर दिलं नाही. काय देणार, आणि कोण होऊन?

२४ ऑगस्ट

काजूवाल्यांचा फोन, चवथीची ऑफर जोरात करा. केली. अस्सल. तीनदा.

काकांच्या शूटिंगचे तुकडे लॅपटॉपवर पडलेत. उघडले नाहीत. एकात तर नुसतं, "झाला? बसू?" एवढंच आहे, ते मीच कापून बाजूला टाकलेलं.

२७ ऑगस्ट, चवथ

काय करून बसले मी.

सकाळपासून मोबाईल कपाटात. माटोळी, पूजा, आरती, नेवऱ्या. जेवणं झाल्यावर उघडला तर आबांचे मिस्ड कॉल. पेजवर काका. माटोळी पुसतायत, हसतायत. चवथीक बोलावणा लागणा नाय. येवा, वाट बघतंव.

रोजचे थांबवले, सणाचे वेगळे लावलेले ते डोक्यातूनच गेले. सुतकातल्या घरानं गावभर, जगभर चवथीच्या शुभेच्छा दिल्या. ज्या घरात यंदा गणपतीच आणलेला नाही त्या घरानं.

काढून टाकला. आबांना फोन लावला. "मेल्या माणसाक चवथीची आमंत्रणां करूक लायलंस? लोकांनी काय म्हणाचा? आणि माणसां इली गो दारात! नारळ घेवन इली!"

पुढचं ऐकवेना. आई म्हणाली, रडू नको, सणाचा दिवस. मग न्हाणीत जाऊन रडले.

२८ ऑगस्ट

आमचा दीड दिवसाचा, संध्याकाळी बोळवण केली. त्याआधी सकाळीच केरीला जाऊन आले. तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण न जाणं त्याहून वाईट.

सोप्यावर एक नारळ होता. सुतकाच्या घरात तो आत कसा घेणार, म्हणून बाहेरच राहिलेला.

काकीनं सांगितलं ते असं. पुण्याचं एक कुटुंब, नवराबायको आणि परकर घातलेली मुलगी. अंगणात उभे. "काका आहेत का? माटोळी बघायला आलो." आबा ओरडत बाहेर निघाले, तर काकीनं त्यांना थांबवलं. आठवडाभर ती खोलीबाहेर आली नव्हती. स्वतः पायऱ्या उतरली आणि सांगितलं. त्या बाईला पटेना. "अहो, आत्ता सकाळी तर बोलले," म्हणून तिनं मोबाईल पुढं केला.

काकीनं बघितलं. अंगणातच बसून बघितलं. मग ती पुण्याची बाई तिच्या बाजूला खाली बसली. बराच वेळ बसले सगळे. सुतकामुळे पाणी सुद्धा देता आलं नाही त्यांना, याचं काकीला वाईट वाटत होतं.

मी म्हटलं, काकी, चूक झाली माझी.

आबा काही बोलणार, त्याआधी काकी म्हणाली, "तेनी येवा म्हटल्यान, ते इले. तेंची काय चूक? तुझी तरी काय?"

निघताना मात्र माझ्या हाताला धरून, "तो व्हिडिओ खंय गेलो? माका परत गावना नाय."

म्हटलं, मी काढला.

ती माझा हात सोडून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१ सप्टेंबर

काल बारावा झाला. आबांचा निरोप: पेज कायमचं बंद कर. गाव अजून बोलतोय. चुकीचं काही सांगत नाहीत ते. त्यांचा भाऊ गेलाय.

अर्ध्या तासानं काकीचा फोन: पेज बंद करू नको. "तेका कोण कोण विचारतत, आणि तू जाप दीत नाय. घराकडे इल्ल्या माणसाक कोण जाप दिल्याशिवाय रवता?"

दोघांचं ऐकायचं तर दोन मी हव्यात. तूर्त बंद नाही, चालू नाही.

९ सप्टेंबर

माटोळीचा रील काकीच्या मोबाईलवर टाकून दिला. तो "झाला? बसू?" वाला तुकडा पण. तोच तिला जास्त आवडला. परत परत लावते आणि दर वेळी म्हणते, "बसा."

मी जनेलातून बाहेर बघत उभी राहिले.

२३ सप्टेंबर

खाणावळ दसऱ्याला उघडायची म्हणते काकी. आबा नाही म्हणत नाहीत. परवा त्यांनीच अंगणात नवीन ताडपत्री बांधली, मला बघून न बघितल्यासारखं केलं.

२६ सप्टेंबर

शूटिंग. एकच रील, एकच साडी. बांगड्याचं हुमण. काकी बोलली छान, मध्येच एकदा बाजूला सरकली, काकांना जागा करून दिल्यासारखी. मग तिच्याच लक्षात आलं. शेवटचं वाक्य तिनं म्हटलंच नाही. मी पण सांगितलं नाही.

नंतर दोघी चहा घेत कॉमेंट वाचत बसलो. इतक्या दिवसांच्या साठलेल्या. मुंबईचे एक जण दरवर्षी येतात, त्यांचं: "काका, डिसेंबरात येतोय, पोरांना घेऊन. असाल ना?"

म्हटलं, काकी, यांना काय लिहू? काका गेले असं आता पेजवर लिहायला हवं आपण. फोटो, चार ओळी. सगळेच असं करतात.

काकीनं कप खाली ठेवला. मग, "फोटो नको. येवा म्हण."

"पण काका असतील का असं विचारलंय त्यांनी."

"येवा म्हण. हय इले काय मी सांगतंय. असा मोबायलार सांगतत? प्रवासात आसतले, जेवणार बसलेले आसतले. माणूस गेलेला दारात सांगाचा, बसवन. मगे पाणी दिवचा."

डिसेंबरभर सांगत बसणार ही बाई. प्रत्येकाला, पायऱ्या उतरून.

घरी येऊन उत्तर लिहायला बसले. आई जेवायला हाक मारतेय. 'येवा' टाईप केलंय. त्याच्यापुढं 'वाट बघतंव' लिहायचं की नाही, ते काकीला विचारायचं राहिलं.